मस्टरवर नाव नसलेली आई

दिवाळी आटोपली की यवतमाळ जिल्ह्यात कापूस वेचणीला जोर येतो. दारव्हा, दिग्रस, कळंब, राळेगाव, कोणत्याही रस्त्याने सकाळी निघा. मालवाहू ऑटोत दाटीवाटीने बसलेल्या बाया वावराकडे जाताना दिसतील. सोबत भाकरीचा डबा, पाण्याची कॅन आणि काहींच्या कडेवर लेकरू.

गेल्या हंगामात आमच्या एका नातेवाइकाच्या वावरात गेलो होतो. धुऱ्यावरच्या निंबाला लुगड्याची झोळी बांधलेली होती. आत सात महिन्यांचे बाळ आणि झोळीची दोरी धरून बसलेली त्याची आठ वर्षांची बहीण. वार बुधवार, शाळेचा दिवस. आईला विचारले, "बाई, लेकराला घरी का नाही ठेवलं?" तिने वेचता वेचताच उत्तर दिले, "ठेवू कोणापाशी, भाऊ? सासू बी इथंच हाय, पल्याडच्या तासात. अन् घरी बसली त खाऊ काय?"

वेचणीची मजुरी किलोवर मिळते. बाळाला पाजायला अर्धा तास बसले की तेवढा कापूस कमी भरतो. म्हणजे या बाईच्या दुधाचा हिशेब संध्याकाळी काट्यावर होतो.

त्याच आठवड्यात आमच्या मोहल्ल्यात एक इस्लाही जलसा झाला. वक्ते शहरातून आले होते. मुलांना पाळणाघरात टाकणाऱ्या आयांवर त्यांनी अर्धा तास खर्च केला. आईची मांडी हीच पहिली पाठशाला, नोकरीच्या हव्यासाने ती ओस पडली, असा एकूण सूर. लोकांनी मान डोलावली. दोन दिवसांनी एका शिक्षक मित्राच्या घरी नेमकी उलटी चर्चा ऐकली. आता कायद्याने सहा महिने रजा आहे, पाळणाघराची सक्ती आहे, बायकांचा प्रश्न बराचसा सुटला, असे तिथे सगळ्यांचे मत होते. मला दोन्ही ठिकाणी ती झोळी आठवत राहिली. एकाला वाटते आईने घरी बसावे, दुसऱ्याला वाटते कायद्याने तिला बसवले आहे. निंबाखालच्या बाळाचे काय, हे दोघांच्याही बोलण्यात नव्हते.

कायदा कोणाला ओळखतो?

आपल्याकडे मातृत्व लाभ कायदा १९६१ मध्ये झाला. २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर बंधनकारक झाले आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याची मुभा मिळाली. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना याशिवाय संपूर्ण सेवेत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली. हे सगळे चांगले आहे. ज्यांना मिळते त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही.

तक्रार ही की या प्रत्येक तरतुदीच्या दारावर एकच प्रश्न विचारला जातो: तुझा मालक कोण? ज्या बाईचे नाव मस्टरवर आहे, तिला दार उघडते. कापूस वेचणारी बाई आज एकाच्या वावरात, उद्या दुसऱ्याच्या. तिचा मालक रोज बदलतो, आणि तो मालकही पुष्कळदा चार-पाच एकरांचा कर्जबाजारी शेतकरीच असतो. तो २६ आठवड्यांचा पगार कुठून देणार? देशातले बहुतांश कामकरी लोक असंघटित क्षेत्रातले. म्हणजे अपवाद कोण आणि नियम कोण, हे आपणच ठरवावे.

मालक पक्का असला तरी दार उघडेलच असे नाही. १९४८ चा कारखाना कायदा सांगत असे की ३० पेक्षा जास्त महिला कामगार असतील तिथे पाळणाघर हवे. जिनिंगच्या हंगामी कामात, कंत्राटदाराच्या वहीत ही संख्या भरू द्यायची नसली की ती भरत नसे. माझी धाकटी बहीण एका खासगी शाळेत शिकवायची. दिवस गेल्याचे सांगितले तेव्हा संस्थाचालक हसतमुखाने म्हणाले, "ताई, तुम्ही आता आराम करा, पुढच्या वर्षी बघू." पुढचे वर्ष आले नाही. कोणी कायदा मोडला नाही, कारण तिच्या हातात नियुक्तीचा कागदच नव्हता.

हा दोष एका संस्थाचालकाचा नाही. कायद्याने रजेचा संपूर्ण खर्च मालकाच्या माथी मारला, तेव्हाच बाईला कामावर घेणे महाग झाले. ज्या संस्थेला राज्य कामगार विमा लागू आहे तिथे विम्यातून पैसे मिळतात. बाकी ठिकाणी मालकाच्या खिशातून. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००० सालच्या मातृत्व संरक्षण कराराने सांगितले आहे की हा भार एकट्या मालकावर टाकू नये, तो सामाजिक विम्यातून किंवा सरकारी निधीतून उचलावा. भारताने त्या करारावर मान्यतेची मोहोर उमटवलेली नाही.

आणि हे ऐकायला जिनिव्हाला जायची गरज नव्हती. जुलै १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात गिरणी कामगार बायांच्या प्रसूती लाभाचे विधेयक चर्चेला आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देताना हीच मांडणी केली होती. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. म्हणून खरे तर हा खर्च मुख्यतः सरकारने करायला हवा. सरकार करत नाही तोवर बाईच्या श्रमावर नफा मिळवणाऱ्या मालकाने तो करावा. १९२९ मध्ये कायदा झाला. बाबासाहेबांनी मालकावरचा भार ही सोय म्हणून सुचवली होती. पुढच्या शंभर वर्षांत आपण त्या सोयीचेच तत्त्व करून टाकले आणि सरकारची जबाबदारी विसरलो.

साडेसत्तावीस रुपये रोज

सरकार काहीच देत नाही, असे नाही. प्रधानमंत्री मातृवंदना योजना आहे. पहिल्या बाळंतपणाला ५,००० रुपये, हप्त्यांमध्ये. दुसऱ्या वेळी मुलगी झाली तर ६,०००. आता साधा हिशेब करा. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस. पाच हजाराला १८२ ने भागले की दिवसाला साडेसत्तावीस रुपये पडतात. नोकरदार बाईला त्याच १८२ दिवसांचा पूर्ण पगार आणि वेचणाऱ्या बाईला साडेसत्तावीस रुपये रोज. बाळ दोघींचेही सारखेच रडते.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात प्रत्येक गर्भवती व स्तनदा मातेला किमान ६,००० रुपये देण्याचे कलम आहे. कायद्यातली "प्रत्येक आई" योजनेत उतरता उतरता "पहिल्या बाळाची आई" झाली. तामिळनाडू आपल्याच देशात आहे. तिथे डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाची योजना १९८७ पासून चालू आहे आणि २०१८ मध्ये मदत १८,००० रुपयांवर गेली, तीही दोन बाळंतपणांसाठी.

इथे काही वाचकांच्या मनात जो प्रश्न येईल तो मीच विचारतो, कारण तो माझ्या नावाकडे बघून मला अनेकदा विचारला गेला आहे: मग काय तिसऱ्या-चौथ्यालाही द्यायचे? तुमच्याकडे तर रांगच असते. माझे उत्तर असे की, हो, द्यायचे. कुटुंब लहान असावे हे मलाही पटते, आणि मुली शिकल्या की ते होते, हे आमच्याच घरांत मी पाहिले आहे. माझ्या दादीला नऊ मुले होती, अम्मीला चार, बहिणीला दोन. पण आई-बापांनी किती मुले जन्माला घातली याची शिक्षा सात महिन्यांच्या बाळाचे दूध कापून कशी देता येते? शिवाय ही अट नेमकी कोणाला लागते ते पाहा. झरी-जामणीच्या पोडावरची कोलाम बाई, पुसदच्या तांड्यावरची बंजारा बाई, दिग्रसच्या मोहल्ल्यातली विडी-मजुरी करणारी बाई. अट घालणाऱ्याच्या घरात ती कधीच लागत नाही.

हजरत उमर यांचे बाळ

आता आमच्या जलशातल्या वक्त्यांकडे वळतो. आईने बाळाजवळ असावे, असे ते म्हणतात. ठीक. पण ज्या ग्रंथाचा आधार ते घेतात, त्याने हे वाक्य तिथेच सोडलेले नाही. सूरह बकराच्या २३३ व्या आयतीत दोन वर्षे दूध पाजण्याचा उल्लेख आहे आणि त्याला लागूनच त्या काळातल्या आईच्या खाण्या-कपड्याचा भार बापावर टाकला आहे. बाप नसेल तर त्याच्या वारसावर. मुलामुळे आईला त्रास दिला जाऊ नये, हेही तिथेच आहे. दूध तोडायचे तर दोघांनी सल्लामसलत करून, असेही आहे. सूरह तलाकच्या सहाव्या आयतीत तर घटस्फोटित पत्नी बाळाला पाजत असेल तर तिला मोबदला देण्याचा हुकूम आहे. म्हणजे बाळाचा सांभाळ हे काम आहे आणि कामाला दाम आहे, हे सातव्या शतकात मान्य झाले होते. आमचे वक्ते आयतीतला आईचा अर्धा भाग मोठ्याने वाचतात आणि खर्चाच्या अर्ध्या भागावर येताच त्यांचा आवाज बसतो.

हजरत उमर (रजि.) यांच्याविषयी एक प्रसिद्ध रिवायत आहे. मदिनेबाहेर व्यापाऱ्यांचा काफिला उतरला होता. खलिफा रात्री पहाऱ्याला गेले. एक बाळ सारखे रडत होते. त्यांनी दोन-तीनदा जाऊन आईला समजावले, बाळाकडे लक्ष दे. शेवटी ती चिडून म्हणाली, मी याचे दूध तोडते आहे, हा ऐकत नाही. एवढ्या लवकर का, असे विचारल्यावर तिने सांगितले की उमर फक्त दूध तुटलेल्या मुलांनाच भत्ता देतात. आपण खलिफाशीच बोलतो आहोत, हे तिला माहीत नव्हते. त्या दिवशी फजरच्या नमाजात उमर यांना इतके रडू आले की लोकांना त्यांची किराअत नीट ऐकू येईना. नमाजनंतर त्यांनी जाहीर केले की यापुढे भत्ता जन्मापासून मिळेल. कोणीही घाईने दूध तोडू नये.

या गोष्टीला आपण न्यायी राज्यकर्त्याची गोष्ट म्हणून सांगतो. ती योजनेच्या अटीची गोष्टही आहे. अट चांगल्या हेतूने घातली होती, पण तिच्यामुळे बाळाचे दूध तुटत होते. राज्यकर्त्याला ते समजले तेव्हा त्याने बाईला उपदेश केला नाही, अट काढली. आपल्या योजनांचे कागद करणाऱ्या बाबूंनी आणि आपल्या जलशांच्या वक्त्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा.

पाळणाघर की आई, हा वादच खोटा

"पाळणाघर पाश्चात्य" म्हणणाऱ्यांना आपल्याच मातीतला इतिहास सांगायला हवा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. मुले शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळाच वस्तीच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात नेली. अंगणवाडी या शब्दाचा अर्थच तो: अंगणातली, ओळखीची, शेजारची. इमारत नंतरची गोष्ट.

आज ती अंगणवाडी कुठे आहे? १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव पोहोचली, हे मोठेच काम झाले. पण ती दिवसातले काही तासच उघडी असते आणि तिथे बसतात ती तीन ते सहा वर्षांची मुले. तीन वर्षांखालच्या बाळाला घरी न्यायचा कोरडा आहार मिळतो. बाळाला पाकीट मिळते, मांडी मिळत नाही. वेचणीच्या बाया सकाळी निघतात त्या दिवेलागणीला परततात. म्हणून मोठी बहीण शाळा सोडून झोळीची दोरी धरते. एका बाळाच्या सांभाळाची किंमत दुसरे मूल आपल्या शिक्षणाने चुकते करते.

अंगणवाडी सेविकेवर आणखी काम टाका, असे मी म्हणत नाही. तिला पगार नव्हे, मानधन मिळते. ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यभरच्या सेविका-मदतनिसांनी दीड महिन्याहून अधिक काळ संप केला, तो याच कारणासाठी. जी बाई गावाची मुले सांभाळते तिला सरकार कर्मचारी म्हणायला तयार नाही, मग घरात बाळ सांभाळणाऱ्या नानी-दादीच्या कष्टाला कोण मोजणार?

झोळी बांधावरच राहू द्या, लेकरू आईच्या नजरेसमोर असते, असे म्हणणारेही आहेत. त्यांनी २०१७ आठवावे. त्या वर्षी कीटकनाशकांच्या फवारणीने याच जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात पोहोचले. धडधाकट माणसे जिथे कोसळली, त्याच वावरांच्या धुऱ्यावर आपण दूधपित्या बाळांना टांगतो.

रस्ता नाही असे नाही. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोगाने २००६ पासून फुलवाऱ्या चालवल्या. सहा महिने ते तीन वर्षांची मुले, गावातलेच एखादे घर, गावातल्याच बाया, दिवसातून दोन-तीनदा गरम खाणे आणि आई कामावरून येईपर्यंत सांभाळ. पुढे राज्य सरकारने ती कल्पना उचलली. २००५ च्या रोजगार हमी कायद्यातही तरतूद होती की कामावर पाच किंवा अधिक लहान मुले असतील तर मजूर बायांपैकीच एकीला त्यांच्या सांभाळासाठी नेमावे आणि तिला पूर्ण मजुरी द्यावी. यात पाश्चात्य काय आहे? ही तर पल्याडच्या तासातली सासूच झाली, फक्त तिला मजुरी मिळते.

आणि पाश्चात्यांचेच सांगायचे तर स्वीडनने जुलै २०२४ पासून आई-बापांना आपल्या पगारी रजेचे काही दिवस आजी-आजोबांना देण्याची सोय केली. फिनलंडमध्ये १९८५ पासून, तीन वर्षांखालचे मूल सरकारी पाळणाघरात न घालणाऱ्या कुटुंबाला भत्ता मिळतो. यातून एक धडाही मिळाला: भत्ता घेऊन घरी राहिल्या त्या बहुतांशी आयाच. नुसते पैसे दिले तर बाई घरात अडकते. म्हणून स्वीडनने प्रत्येक पालकाचे ९० दिवस राखून ठेवले. बापाने घेतले नाहीत तर ते बुडतात.

बापाची गोष्ट निघालीच आहे तर आपल्याच भागातला एक विसरलेला प्रयत्न सांगतो. आपल्या जिल्ह्यातला उमरखेड विधानसभा मतदारसंघ हिंगोली लोकसभेत मोडतो. तिथले तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये पितृत्व लाभाचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले. त्यात बापाला १५ दिवसांची, वाढवून तीन महिन्यांपर्यंत रजा सुचवली होती, असंघटित कामगारही त्यात होते, आणि खर्चासाठी कामगार, मालक व केंद्र सरकार अशा तिघांच्या वर्गणीचा निधी होता. म्हणजे मालकावरचा एकट्याचा भार काढण्याची वाट त्यात दाखवली होती. खासगी विधेयकांचे होते तेच त्याचे झाले. सातव २०२१ मध्ये गेले. त्यानंतर आपल्या जिल्ह्यातल्या कोणा उमेदवाराच्या भाषणात हा विषय माझ्या कानावर आलेला नाही.

मागणे काय आहे

पहिले, बाळाचा हक्क आईच्या नोकरीला बांधू नका. प्रत्येक बाळंतपणानंतर सहा महिने, शेतमजुरीच्या किमान वेतनाइतकी रक्कम, अपत्याची आणि लिंगाची अट न घालता, सरकारने द्यावी. पैसा कुठून, असे विचारणाऱ्यांनी महाराष्ट्राकडेच पाहावे. रोजगार हमीसाठी पैसा हवा म्हणून याच राज्याने १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला. शहरातला पगारदार खेड्यातल्या मजुराचा रोज भरू शकतो, हे आपण देशाला दाखवले होते.

दुसरे, वेचणीच्या तीन-चार महिन्यांत तरी गावोगाव फुलवारी हवी, वस्तीतल्या बायांनी चालवलेली, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. सांभाळणारीला मजुरी मिळावी, मानधन नव्हे.

तिसरे मागणे माझ्या जमातीकडे आहे. आमच्या मशिदींना लागून मकतबच्या खोल्या आहेत. मुले तिथे सकाळ-संध्याकाळ शिकतात आणि दिवसभर कुलूप असते. हंगामात त्या खोल्या मजूर बायांच्या लेकरांसाठी उघडा, कोणत्याही जातीधर्माच्या. प्रेषित मुहम्मद (स.) जमातीत मागे एखादे बाळ रडले की त्याच्या आईची तगमग ओळखून नमाज आटोपती घेत. नात उमामाला खांद्यावर घेऊन त्यांनी नमाज अदा केली आहे. त्यांच्या उम्मतीतल्या पुरुषांना बाळ कडेवर घ्यायची लाज वाटते आणि त्यांच्या मशिदीत बाळ असलेल्या आईला जागा नाही. याचाही कधी जलसा घ्या.

आणि वाचकांना एक छोटे काम. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातला दहा टक्के निधी महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. पुढच्या ग्रामसभेत उठून विचारा की आपल्या गावात तो कशावर खर्च झाला. उत्तरात खुर्च्या आणि शिलाई मशीन निघाल्या तर आणखी एक विचारा: वेचणीच्या दिवसांत आपल्या गावातल्या किती मुली शाळेत गैरहजर असतात, आणि त्या तेव्हा कुठे असतात?